ताणावरच्या बगीच्यातला चमत्कार

“गुड्डीले पाठव. तिले नाही म्हणता येत नाही.”

हे वाक्य मोठ्या आईचं, म्हणजे माझ्या थोरल्या काकूचं. ती सौसरजवळच्या बगीच्यातून फोनवर बोलत होती आणि पांढुर्ण्यात आमचे बाबा, नेहमीप्रमाणे स्पीकर लावून, ऐकत होते. मी समोरच बसून पोळी खात होते. ‘मी जाणार नाही’ असं सांगायचं मी मनात नक्की केलं, घास गिळला आणि बॅग भरायला उठले.

प्रकरण असं होतं. अमेरिकेतल्या एका चर्चची सहा मुलं-मुली, सगळी पंधरा ते सतरा वर्षांची, नाताळच्या सुट्टीत सेवा करायला आली होती. बोरगावकडच्या एका छोट्या वसतिगृहाच्या भिंती रंगवायच्या, तिथल्या मुलांबरोबर गाणी म्हणायची, देवाच्या गोष्टी सांगायच्या असा त्यांचा कार्यक्रम होता. बरोबर मिस डेबी नावाच्या बाई होत्या. त्या सतत हसत आणि सतत थकलेल्या असत. वसतिगृह चालवायचे तिथल्या चर्चचे वाघमारे सर, म्हणजे माझे थोरले काका, मोठेबाबा, यांच्या शाळेतल्या बाकावरचे दोस्त. त्यांच्याकडे पाहुण्यांना खोल्या कमी पडल्या, म्हणून मोठेबाबांनी आपल्या संत्र्याच्या बगीच्यातल्या घरातल्या खोल्या देऊन टाकल्या. आता घर होतं, पाहुणे होते, दोन्हीकडून प्रेम होतं. फक्त कुणाला कुणाचं काही कळत नव्हतं!

घरात इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी असणं म्हणजे घरात शिडी असण्यासारखं आहे. सगळ्या गल्लीला ती कधी ना कधी लागते आणि नेताना शिडीला कुणी विचारत नाही.

पहिल्याच दिवशी मोठ्या आईने ग्रेस नावाच्या मुलीला समोर बसवलं आणि मला म्हणाली, “इले विचार व, लग्न ठरलं काय इचं?”

“मोठी आई, ती सोळा वर्षांची आहे.”

“मंग? विचारून ठेवाले काय जाते? विचार!”

मी ग्रेसला विचारलं, “चहा घेणार का?”

ग्रेस आनंदाने हो म्हणाली. मोठी आई चकित! “ठरलं? एवढ्या लवकर? कोनासंगं, विचार!”

मी पुन्हा चहाचंच विचारलं. त्या दिवशी ग्रेस पाच कप चहा प्यायली. (तिला रात्री झोप आली नाही. ते तिने वेळेच्या फरकावर ढकललं आणि मी दुरुस्त केलं नाही.)

संध्याकाळी ही मंडळी अंगणात गोल करून, हात धरून प्रार्थना करायची. रोज एकेका माणसासाठी. दुसऱ्या दिवशी माझा नंबर लागला. देवाने या मुलीला तिचा आवाज द्यावा, तिने मोकळेपणाने बोलावं, असं त्या सात जणांनी डोळे मिटून मागितलं. मी एकटीच डोळे उघडे ठेवून उभी होते.

“काय म्हणून राहिले?” मोठ्या आईने ओट्यावरून विचारलं.

“माझी तब्येत चांगली राहावी म्हणताहेत.”

“मंग जरा वजनाचंबी सांग म्हणा.”

इथवर सगळं ठीक होतं. म्हणजे मी दमले होते, पण ठीक होतं. गडबड झाली ती झाडांमुळे.

डिसेंबर संपत आला होता आणि बगीचा ताणावर होता. आंब्याच्या मोहराच्या वेळचा आंबिया बहार घ्यायचा तर संत्र्याच्या झाडांचं पाणी महिनाभर तोडावं लागतं. झाड पानं टाकतं, मरतुकडं दिसायला लागतं. मग योग्य वेळी पाणी दिलं की फुलांनी भरून जातं. ताण मधेच मोडला, तर फुलांऐवजी नुसता पाला! मोठेबाबा रोज सकाळी गळलेली पानं पाहत, हात मागे बांधून, समाधानाने फिरायचे. पाहुणे खिडकीतून बघायचे. एक म्हातारा माणूस आपली मरणारी झाडं रोज बघायला येतो आणि शांतपणे परत जातो, असं त्यांना दिसायचं. मिस डेबींच्या डोळ्यांत तर पाणी यायचं.

मग एका दुपारी मी पाहिलं की टायलर नावाचा उंच मुलगा आपली प्यायच्या पाण्याची बाटली एका झाडाच्या बुंध्याशी रिकामी करतोय. मागे ग्रेस दुसरी बाटली घेऊन उभी.

“झाडांना कुणी पाणी का देत नाही?” टायलरने विचारलं.

हे नीट समजवायला सहा वाक्यं लागली असती. सकाळपासून मी वाघमारे सरांचं भाषण, रंगाच्या डब्यांची भानगड आणि मोठ्या आईच्या गुडघ्यांचा संपूर्ण इतिहास इंग्रजीत नेऊन पोचवला होता. माझ्याकडे एकच वाक्य शिल्लक होतं.

“नंतर देतात,” मी म्हणाले.

“नंतर म्हणजे? ती मेल्यावर?”

मी खांदे उडवले. दोघं मोटरच्या खोलीकडे चालायला लागले. मी मागे मागे. सुखदेवभाऊ, म्हणजे मोठेबाबांचे कैक वर्षांचे सालदार गडी, त्या दिवशी बहिणीकडे लोधीखेड्याला गेले होते. खोलीची चावी घरात खुंटीला, लाल दोऱ्यात. टायलर ती आधीच घेऊन आला होता.

“फक्त दहा मिनिटं,” ग्रेस म्हणाली. “प्लीज. हे बटण का?”

आता इथे कोणताही शहाणा माणूस ‘नाही’ म्हणाला असता. मीसुद्धा म्हणणारच होते. पण तेवढ्यात मला आठवलं की लाइन गेलेली आहे! त्या आठवड्यात शेतीची लाइन पहाटे यायची आणि दुपारी जायची. म्हणजे बटण दाबलं तरी काही होणार नव्हतं. नकार मी द्यायची गरजच नव्हती, तो वीज खात्याने आधीच दिलेला होता. मी पुढे झाले, बटण दाबलं. शांतता. खरं वाटावं म्हणून स्टार्टरच्या डब्यावरची एक छोटी कळ खाली केली, पुन्हा दाबलं. शांतता. मी दुःखी चेहरा करून दोन्ही हात पसरले.

“ओह,” ग्रेस म्हणाली. मी खोलीला कुलूप लावलं आणि चावी पुन्हा खुंटीला अडकवली.

कुणाचं मन न दुखवता मी काम साधलं होतं. मी स्वतःवर खूश होते. (ती छोटी कळ ‘ऑटो’ची होती. ती खाली असली की लाइन आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू होते. हे आमच्या बगीच्यात मांजरालाही ठाऊक होतं. पण मांजर इंग्रजी शाळेत गेलेलं नव्हतं.)

त्या संध्याकाळच्या गोलात झाडांसाठी प्रार्थना झाली.

पहाटे लाइन आली.

सकाळी सुखदेवभाऊ लोधीखेड्याहून सायकलवर आले, तर खालच्या पट्टीतली झाडं घोट्याएवढ्या पाण्यात! खुंटीवरची चावी घेऊन ते धावत मोटरच्या खोलीत शिरले, मोटर बंद केली. आणि त्यांचा हात डब्यावर असतानाच दारात मोठेबाबा उभे.

“सुखदेव! काय केलं बे हे?”

“मालक, म्या बंद केली! चालू नाही केली!”

“मंग कोनं केली? तुह्या भुतानं?”

ओरडा ऐकून पाहुणे बाहेर आले. त्यांनी पाणी पाहिलं. मग ग्रेस चिखलात गुडघ्यावर बसली, टायलरने दोन्ही हात आकाशाकडे केले आणि मिस डेबींनी गाणं सुरू केलं. सहाच्या सहा मुलं रडत, हसत, झाडांना मिठ्या मारत होती.

मोठेबाबा हे बघत राहिले. “गुड्डे, काय म्हणून राहिले हे?”

मिस डेबी मला सांगत होत्या, “काल तू बटण दाबलंस, काही झालं नाही. मग आम्ही प्रार्थना केली. आणि बघ!”

अनुवादात काही गोष्टी सुटतात. पहिलं वाक्य सुटलं.

“ते म्हणतात... देवाने पाणी दिलं.”

मोठेबाबांचा चेहरा संत्र्याच्या रंगाचा झाला. “त्याईच्या देवाले सांग, बगीचा ताणावर हाये!”

तेवढ्यात वाघमारे सर मोटरसायकलवरून आले. मोठेबाबांनी त्यांनाच धरलं. “वाघमाऱ्या, तुह्या पाहुन्याईनं माहा बहार बुडवला!”

“अरे, म्या काई मागितलंच नाही देवाले!” सर हात जोडून म्हणाले. “मले तं ताण मालूम हाये! म्या कायले मागीन?”

“पन देव तं देवच ना,” मोठी आई मधेच म्हणाली. तिला ही बाजू पटायला लागली होती. “कोनाचा का असेना. पाणी तं पाणी.”

“तू चूप व!”

मी एका बाजूला उभी होते. ओठ उघडले. मिटले. पुन्हा उघडले. मोठी आई म्हणाली, “बाई, अशी मासोळीवानी काय करून राहिली? चहा ठेव.” मी चहा ठेवला.

चहा होईपर्यंत निकाल लागला होता. देवाला कामावरून काढता येत नाही. त्यामुळे ज्याला काढता येत होतं, त्याला मोठेबाबांनी काढलं.

“उद्यापासून येऊ नको, सुखदेव. ऑटो चालू ठेवून गेला. तुहं ध्यान नाही राह्यलं.”

मी सुखदेवभाऊंपुढे कप धरला. त्यांनी तो घेतला, म्हणाले, “राहू द्या बाई, तुमी कायले त्रास घेता,” आणि न पिता ओट्यावर ठेवला. मला वाटलं, आता सांगते. हा कप उचलते आणि सांगते. मी कप उचलला आणि धुतला.

दुपारभर मी वसतिगृहाच्या भिंतीला निळा रंग देत होते. सोपा उपाय शोधत होते. चिठ्ठी लिहावी? पांढुर्ण्याला जाऊन बाबांना सांगावं, म्हणजे ते स्पीकर लावून सांगतील? टायलर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “तुझा चेहरा वेगळा दिसतोय. तुलाही जाणवलं ना सकाळी?” मी भिंत रंगवत राहिले. भिंत संपली तेव्हा दार रंगवलं. दार रंगवायचं नव्हतं.

संध्याकाळी पाच वाजता निरोपाचा कार्यक्रम. मैदानात सतरंज्या, दोन भोंगे, एक माइक. वाघमारे सरांनी समेटासाठी मोठेबाबांनाच प्रमुख पाहुणे केलं होतं. ते पहिल्या खुर्चीवर, मांडीवर नारळ, कपाळाला आठ्या. मुलांची गाणी झाली. मग मिस डेबी माइकपाशी आल्या आणि मला शेजारी उभं केलं. एक वाक्य त्यांचं, एक माझं.

“आम्ही इथे आलो तेव्हा झाडं सुकत होती,” त्या म्हणाल्या. मी सांगितलं. मोठेबाबांनी नारळ या मांडीवरून त्या मांडीवर घेतला.

“आम्हाला फार वाईट वाटलं.” मी सांगितलं.

तेवढ्यात फाटकाशी सायकल थांबली. सुखदेवभाऊ होते. कार्यक्रमाला आले नव्हते. कडेने चालत ते मोठ्या आईजवळ गेले, खिशातून लाल दोऱ्याची चावी काढली आणि तिच्या हातात दिली. मोठ्या आईने ती पदराला बांधली. कुणी कुणाकडे बघितलं नाही. ते परत सायकलकडे वळले.

“आणि मग,” मिस डेबी माझ्याकडे वळून, अगदी हळू म्हणाल्या, “कुणाही माणसाचा हात न लागता ती मोटर सुरू झाली.”

त्यांनी माइक माझ्या हातात दिला. सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. सुखदेवभाऊंनी सायकलचं स्टँड काढलं.

मी घरी पुस्तकातलं मराठी बोलते. त्यावरून आमच्याकडे मला सगळे हसतात. वऱ्हाडी मला कळते, पण तोंडून कधी निघालेली नव्हती. त्या दिवशी काय निघालं, ते मला भोंग्यातूनच कळलं. ते मैदानातून, फाटकातून, पलीकडच्या कपाशीपर्यंत गेलं:

“थांबा जी, सुखदेवभाऊ! मोटर म्या लावली! तुमची काही गलती नाही, अन् देवाचीबी नाही!”