थडग्यावरचा सातूरियो

सातूरियो मासळीवाल्याने स्पॅनिश वाङ्मयाच्या चार शतकांत कामं केली आणि एकाही शतकात तो अक्षर बोलला नाही. श्रेय दोन्या आरासेलींचं, म्हणजे आरासेलीबाईंचं. शाळेतल्या शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी नाटकमंडळी काढली आणि ठरवलं, की गावाला आपलं वाङ्मय कळायचं तर ते क्रमाने कळलं पाहिजे. दरवर्षी एक कालखंड.

सुवर्णयुगातलं नाटक अब्रूवर चालतं, म्हणजे दुसऱ्या अंकापर्यंत कोणीतरी मरावंच लागतं. तो सातूरियो. प्रबोधनकाळातले लेखक काटकसरी, विनाकारण माणूस ठेवत नाहीत; त्या वर्षी त्याने पडदा ओढला. रोमँटिक काळात तो थडग्यावरचा दगडी पुतळा झाला. वास्तववाद आला तेव्हा तो तीन अंक कॉफीच्या दुकानात पेपर वाचत बसला, आणि वास्तववादाला जागून त्याने तो खराच वाचला. वसाहती हातच्या गेल्यानंतरच्या उदास पिढीसाठी खिडकीशी उभं राहून ओसाड माळ बघायचा होता. ते गावाच्या उजाड सोरिया प्रांतात कोणालाही जमतं. नवनाट्यात तो दार होता. युद्धानंतरच्या सामाजिक नाटकात मजूर म्हणून पुन्हा मेला. मधे तीनशे वर्षं गेली होती, पण पडायची पद्धत त्याने बदलली नाही.

बिचाऱ्याला कोणी बोलू देत नाही, असं लोकांना वाटे. वास्तविक तो सोमवार ते शनिवार बाजारात उभा राहून सार्डिनच्या नावाने ओरडत असे, आणि गिऱ्हाइकांच्या सुनांबद्दल, गुडघ्यांबद्दल, सरकारबद्दल बोलत असे, कारण गप्प मासळीवाल्याचा मासा कोणी ताजा मानत नाही. जगात दोनच तास त्याच्याकडून कोणी शब्द मागत नव्हतं. ते तो रंगमंचावर मिळवत होता.

मग वाङ्मय संपलं. म्हणजे दोन्या आरासेलींपुरतं. हयात लेखकांवर त्यांचा विश्वास नव्हता. सर्व संतांच्या दिवसासाठी, म्हणजे एक नोव्हेंबरला गाव थडग्यांवर फुलं वाहतं त्या सणासाठी, त्यांनी थडग्यांचं जुनं रोमँटिक नाटक पुन्हा काढलं आणि पहिल्याच तालमीत जाहीर केलं, "यंदा पुतळा बोलणार. सातूरियो, तुमच्यासाठी ओळ मी स्वतः लिहिली आहे."

"दोन्या, दगड गप्पच बरा दिसतो."

"सगळ्या चळवळींची सेवा केलीत तुम्ही. हा तुमचा हक्क आहे."

"सोडता येतो का?"

"सन्मान आहे तो. सन्मान सोडता येत नाही."

घरी त्याने फेलीसाला आपली अडचण सांगितली: ही ओळ एकदा म्हटली, की दरवर्षी म्हणावी लागणार, मग गप्प बसायला जागा उरणार कुठे? बायकोने कांदा चिरता चिरता ऐकून घेतलं.

"इतकी वर्षं मी पहिल्या रांगेत बसते," ती म्हणाली. "शेजारच्या विचारतात, यातला तुझा कोण गं? मी बोट दाखवून सांगते, तो मेलेला. एक ओळ बोल माझ्यासाठी. मग हवा तेवढा मर."

सातूरियो ओळ पाठ करायला बसला. नायक थडग्यापुढे गुडघे टेकतो तेव्हा पुतळ्याने म्हणायचं होतं: "उशीर केलास, सरदारा! माती केव्हाची जागी आहे." फेलीसाने ती ओळ बाजारभर केली. ऑक्टोबरभर मासा घ्यायला येणारा प्रत्येक जण आधी सातूरियोचा पाठ घेई.

"म्हण बघू," विधवा क्लोतिल्दे म्हणे, "मगच मेर्लुझा घेईन."

तो म्हणे. सवयीने आवाज सार्डिनचाच लागे.

"अरे, तू माती विकतोयस! कशी दिलीस किलो?" क्लोतिल्दे रांगेकडे वळे. "चला गं, सगळ्या मिळून दाखवू याला." आणि सगळ्या मिळून दाखवत.

प्रयोगाला सभागृह भरलं. सातूरियो चेहऱ्याला मैदा फासून थडग्यावर उभा. नायकाने, म्हणजे औषधवाल्या बासिलियोने, गुडघे टेकले आणि मान वर केली. पुतळा गप्प. बासिलियोने पुन्हा उसासा टाकला. पुतळा गप्प. पहिल्या रांगेत फेलीसाने रुमाल पिळला. तिचं काय पणाला लागलंय हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आणि गाव थांबलं नाही. क्लोतिल्देने सुरुवात केली, पाठोपाठ अख्खं सभागृह एका सुरात गरजलं:

"उशीर केलास, सरदारा! माती केव्हाची जागी आहे!"

सगळ्यांच्या वर आवाज फेलीसाचा होता. बासिलियो मागच्या मागे बसला. त्याच्या अभिनयातला भीतीचा तेवढाच क्षण आजही नावाजला जातो. पुतळ्याची पापणी लवली नाही.

नंतर मंडळी बुन्युएलो, म्हणजे पिठीसाखर भुरभुरलेले तळलेले गोळे, खायला बसली तेव्हा दोन्या आरासेली समोर येऊन उभ्या राहिल्या. "विसरलात?"

"नाही. पाठ होती."

"मग?"

"तोंड उघडणारच होतो. तेवढ्यात त्यांनी म्हटली. लोक बोलत असताना मधे बोलणं बरं नाही."

दोन्यांनी याचं मनात वर्गीकरण केलं. "कोरस ग्रीकांचा, प्रेक्षक नाटकात ओढायची खोड विसाव्या शतकाची," त्या म्हणाल्या. "रोमँटिक नाटकात दोन्ही अक्षम्य. पण परिणाम झाला. पुढच्या वर्षीही प्रेक्षकच म्हणतील."

सातूरियोने फेलीसाकडे पाहिलं. ती शेजारणीला सांगत होती, "ऐकलीस ना यांची ओळ? पाचशे लोकांनी म्हटली! नायकाची ओळ कोणी म्हटली का?"

त्याने समाधानाने मान डोलावली. चेहऱ्यावरचा मैदा बुन्युएलोंच्या ताटात सांडला, आणि पिठीसाखर समजून बासिलियोने खाल्ला.