हरवलेल्या वस्तूंची खिडकी

बस डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसून बावीस वर्षं लोकांच्या विसरलेल्या छत्र्या परत केल्यामुळे सगळे त्यांना छत्रीवाले म्हणत. याचा त्यांना मनस्वी वैताग होता. मनातून ते स्वतःला लेखक समजत.

वाचनालयात त्यांच्या हाती जपानी कथांचं भाषांतर लागलं आणि ते पार वेडावले. एका कथेत म्हातारा नुसतं फळ सोलतो, सून बघत राहते, कथा संपते. आणि छत्रीवाल्यांना पुस्तक खाली ठेववेना!

"हे यांना जमतं तरी कसं?" म्हणत ते लिहायला बसले. कागदावर बर्फ पडू लागला, बांबू डोलू लागले, पात्रं तासन्तास गप्प बसू लागली. नर्स असलेली बायको कामावरून दमून आली, की तिला ते ऐकावं लागे.

"पुढे काय होतं?"

"काही होत नाही. तीच तर गंमत आहे!"

"अहो, तुम्ही बर्फ पाहिलाय तो फ्रीजमधला."

छत्रीवाल्यांच्या डोक्यात तिडीक गेली. तिचं बरोबर होतं, म्हणून जास्तच. आठ कथा लिहिल्या, आठही फाडल्या.

त्याच आठवड्यात खिडकीवर एक बाई आली. तिच्या वडिलांचं ऐकू येण्यासाठी कानात घालायचं मशीन बसमध्ये पडलं होतं. ते सापडलं होतं, पण मालकाची सही हवी होती.

"वडिलांना घेऊन या."

"ते परवा गेले."

"मग आता हे..." छत्रीवाल्यांच्या तोंडून निघालं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"शेवटचे चार दिवस मी ओरडून बोलायचे. ते हसून नुसती मान हलवायचे." तिने मशीन चालू करून पाहिलं. बारीक शिट्टी वाजली. बॅटरी अजून शिल्लक होती.

नियम बाजूला ठेवून त्यांनी तिचीच सही घेतली. घरी येऊन जसं घडलं तसं लिहिलं. बायकोने वाचलं आणि ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.

"अगं, बोल की काहीतरी!"

"दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय," म्हणत ती तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

कथा मासिकात छापून आली, तीही लेखकाचं आडनाव चुकवून. पण छत्रीवाल्यांचा खरा संताप स्वतःवरच होता. बावीस वर्षं अशी माणसं समोर उभी राहिली, आणि आपण त्यांना काय म्हणालो? "इथे सही करा. चला, पुढचे!"