राजपुऱ्यातलं काचेचं बदक

आमच्या सासूबाईंकडे एक काचेचं बदक आहे. लांब मानेचं, चांगलं वजनदार. सासरे कागदाच्या कारखान्यात फिटर होते. यंत्रं बसवायला आलेला एक इटालियन साहेब परत जाताना ते त्यांना देऊन गेला. राजपुऱ्यातल्या आमच्या घरात त्याला शोभेची वस्तू म्हणून कुणी वागवलं नाही. उन्हाळ्यात पापड वाळत घातलेली साडी उडू नये म्हणून ते गच्चीवर तिच्या कोपऱ्यावर बसायचं, आणि भाद्रपदात गुलाबाईच्या मातीच्या मूर्तीशेजारी.

गुलाबाईच्या महिन्यात गल्लीतल्या पोरी संध्याकाळी आमच्याकडे गाणी म्हणायला येतात. गाणी झाली की झाकलेला डबा खुळखुळवून आतला खाऊ ओळखायचा. जी ओळखेल तिच्या घरी त्या रात्री बदक मुक्कामाला, हा नियम सासूबाईंनीच काढलेला. देताना त्या ते पदरानं पुसायच्या, सासरी निघालेल्या लेकीसारखं एकदा निरखायच्या आणि मग पोरीच्या हातात ठेवायच्या. इतकं घरोघर फिरूनही त्याचा कधी टवका उडाला नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवते, आणि घरी आल्यावरही माझं शिकवणं थांबत नाही. यंदा वर्गात दाखवायला म्हणून फोनवर काचेची शिल्पं शोधत होते, तर इटलीतल्या मुरानो बेटावरची बदकं समोर आली. आमच्याच बदकाची भावंडं! महायुद्धानंतरच्या वर्षांत तिथल्या डिझायनरांनी झुंबरं आणि नक्षीच्या फुलदाण्या बाजूला ठेवून काचेच्या मूर्ती घडवायला घेतल्या. कागदावरची रेघ त्यांची, भट्टीपुढचा हात कारागिराचा. पिसं नाहीत, डोळा नाही. मानेचा एक बाक आणि रंगाच्या पोटात रंग. बाहेर नितळ काच, आत हिरवा, त्याच्याही आत मधाचा रंग. हे बदक मी लग्न होऊन आल्यापासून पाहत होते, पण उन्हात धरून तो मध कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी पाहिला आणि मला बदक कुठे ठेवू, कुठे नको असं झालं.

लगेच सासूबाईंना फोनवरचे फोटो दाखवले. म्हटलं, "आई, हे असलं लोक संग्रहालयात ठेवतात. आपण याला पापडावर बसवतो!"

त्यांनी आधी बदकाकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे. "म्हंजे यांचं काम साहेबाच्या मनात भरलं होतं वं. उगाच का एवढी किमती चीज देतं कोनी?" इतक्या खुशीत मी त्यांना फार क्वचित पाहिलंय.

त्याच दुपारी बदक टॉवेलात गुंडाळून लोखंडी कपाटात गेलं. संध्याकाळी समोरच्या घरातल्या पोरीनं शेंगदाण्याचे लाडू अचूक ओळखले आणि हात पुढे केले. "आजी, आज बदक मेरे घर ना?"

"ते आता नाही मिळनार बेटा. टूट गया तो?"

पोरीनं हात मागे घेतले. पुढच्या संध्याकाळपासून गाणी व्हायची, डबा वाजायचा, पण ओळखायची चढाओढ संपली. "काही पण असंन," म्हणून पोरी डबा उघडायला लावायच्या. मला ते बघवेना. माझ्या जिभेनंच ही मजा घालवली होती. मग मी आणखी शहाणपणा केला.

"आई, मी नीट तपासलं," मी ठोकून दिलं. "आपलं बदक नकली आहे. अशा नकला ढिगानं निघाल्या होत्या. बिनधास्त द्या पोरींना."

त्या हातातली भाजी निवडता निवडता थांबल्या. "म्हंजे साहेबानं यांना खोटी चीज देली? आनि हे जिंदगीभर त्याचं नाव काढत राहिले."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बदक परत गुलाबाईशेजारी आलं, पोरी आनंदानं ओरडल्या, आणि मी मेल्याहून मेल्यासारखी दारात उभी. सासऱ्यांचा मान मी देऊन परत काढून घेतला होता, तोही त्यांच्या माघारी.

दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. सगळं खरं सांगितलं, फोटो पुन्हा दाखवले, बदक उन्हात धरून आतला मध दाखवला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"राहू दे वं बाई. माझं मन राखाले खोटं नको बोलू."

मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले आणि त्या समजूतदारपणे मान हलवत राहिल्या. संध्याकाळी समोरच्याच पोरीनं खाऊ ओळखला. सासूबाईंनी बदक मानेला धरून एका हातानं उचललं, न पुसता तिच्यापुढे केलं.

"ने बेटा. फुटलं तरी चालते."