केरकर सर आणि कणा असलेले प्राणी

केरकर सर शर्टाच्या वरच्या खिशात काडेपेटी ठेवत आणि काडेपेटीत झुरळ. लालबागमधल्या आमच्या मराठी शाळेत ते विज्ञान शिकवत, मी चित्रकला. आमच्याकडची झुरळं अशी दांडगी की जिन्यावर उंदीर त्यांना वाट देतात. पण सरांनी नुसतं बोट दाखवलं की ती आपणहून उताणी होऊन पाय मोजायला देत. "डोकं, छाती, पोट. संपलं झुरळ," सर म्हणत. "पण हृदयाला कप्पे तेरा. चाळीत एवढ्या खोल्या आहेत का रे कुणाकडे?"

एकदा एक पोरगा अडूनच बसला. "सर, बोंबलाला कणा नसतो. हातात धरला की लोंबतो. त्याला कोळंबीच्या यादीत टाका." सगळा वर्ग त्याच्या बाजूने, मासे खाणाऱ्यांची घरं ती. सर पक्के शाकाहारी. दुसऱ्या दिवशी शेपटीला धरून बोंबील घेऊन आले, मागे अख्ख्या परळची मांजरं. तोंड फिरवून त्यांनी तो चिरला, आतून कणा ओढून काढला. "मऊ आहे, पण आहे. बोंबील आपल्यातला." मग आठवडाभर त्यांच्या घशाखाली डबा उतरला नाही.

पण शाळेचा पट घसरत गेला. मुलं इंग्रजी शाळांत जाऊ लागली आणि सर पोरं मागत घरोघर. बोलायला म्हणून मला सोबत नेत.

"सर, झुरळं घरातच हवी तेवढी आहेत," एक आई म्हणाली. "इंग्रजी आहे का तुमच्याकडे?"

"वहिनी, इंग्रजीतसुद्धा झुरळाला सहाच पाय असतात."

"असतील हो. पण इंटरव्ह्यू इंग्रजीत असतो."

एका दमात गिरगावपर्यंत थापा मारत जाणारा मी, तिथे नुसता चहा प्यायलो.

शेवटी सातवीत एकटी श्रावणी उरली. ती गेली की वर्ग बंद. त्यात कण्याचा धडा आला. या धड्याला मुलं पुढच्याच्या पाठीवरून बोट फिरवून मणके मोजत. श्रावणीच्या पुढे कुणीच नव्हतं. सर तिच्याकडे पाठ करून वाकले. "मोज गं." मी मागच्या बाकावर होतो. तिथूनही शर्टातून मणका न् मणका दिसत होता, हे मी फुगवून सांगत नाही.

ती मोठ्याने मोजत होती, तेवढ्यात तिचे वडील शाळा सोडल्याचा दाखला घेऊन दारात आले. "चल गं, टॅक्सी थांबलीय."

"तिला पुरं मोजू द्या," सर वाकूनच म्हणाले.

"सर, तिकडे आज प्रवेशाचा शेवटचा दिवस आहे." माणूस वाईट नव्हता, जमिनीकडे बघत बोलला.

श्रावणी दप्तर उचलून गेली. जिन्यावरचा बुटांचा आवाज थांबला तरी सर तसेच, हात गुडघ्यांवर.

"सर, उठा आता," मी म्हणालो.

"कमरेपर्यंत आली होती," ते म्हणाले. "थोडंच राहिलं होतं."