जिन्याखालची सोडणं

मालवणच्या बाजारामागची आमची चार मजल्यांची इमारत काकीच्या माडांच्या जागेवर उभी राहिली. जागेच्या बदल्यात बिल्डरने तिला तळमजल्यावर दोन खोल्या दिल्या आणि वर आम्ही नोकरदार, व्यापारी येऊन बसलो. काकी माझ्या नात्याची नव्हे, सगळेच तिला तसं म्हणत; विधवा, सुकी मासळी विकणारी. पावसात होड्या बंद झाल्या की तेवढ्यावरच तिचं पोट चालायचं. वास यायचा, म्हणून आम्ही तिच्या दारावरून नाकाला रुमाल लावून जात असू. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो आणि मला ती मुळीच आवडत नसे.

दोन हजार सालानंतर कधीतरी मुंबईत राहणाऱ्या फ्लॅटवाल्यांनी इमारतीचा विमा काढायचा हट्ट धरला. विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहणीला येणार असं कळलं आणि माझ्या अंगात आलं. आगीसाठी प्रत्येक मजल्यावर वाळूच्या लाल बादल्या होत्या. माझ्या मजल्यावरच्या बादलीत बायकोने पावसाळ्यासाठी फणसाच्या आठळ्या पुरून ठेवल्या होत्या, त्या मी गुपचूप घरात नेल्या. मग खाली उतरलो. जिन्याखाली, विजेच्या मीटरांना टेकून, नारळाची सोडणं, म्हणजे सुकी सालं, छातीइतकी रचलेली होती. काकी त्यांवर चूल पेटवायची.

"काकी, ह्यां सगळां घरात व्हर," मी म्हटलं.

"झिला, ठेवू खंय? घर सुक्यान भरलेलां आसा."

"चुलीकडे रच, नायतर डोक्यार घे. माका थंय एक सोडाण दिसाक नको."

भर मे महिन्यात तिने एकटीने ती आत वाहिली. मी जिन्यात उभा राहून पाहत होतो. हात लावावा असं मनातही आलं नाही.

सर्व्हेअर आला, जिन्याखाली वाकून बघितलं, बादल्यांत बोट घातलं. "पेट घेणारं काही साठवत नाही ना?" त्याने विचारलं. "छे हो साहेब," मी शुद्ध मराठीत म्हणालो. विमा झाला.

पंधरा दिवसांत चुलीतली ठिणगी सोडणांवर उडाली. काकी विहिरीवर गेली होती. आम्ही पाणी मारून आग विझवली तोवर स्वयंपाकघर काळं पडलं होतं आणि पावसाळ्याचे सगळे बांगडे जळून गेले होते. भाजल्या मासळीचा वास चौथ्या मजल्यापर्यंत गेला. "आता नुसता भात लावा," मी म्हणालो. सगळे हसले. काकी दारात उभी होती.

तोच सर्व्हेअर पुन्हा आला. "एवढी सोडणं चुलीजवळ कोणी रचली?"

काकीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मियाच."

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण मी पुढे झालो. "आम्ही नोटीस दिली होती, साहेब." कसली नोटीस!

भरपाई मिळाली. तिच्या भिंतींना नवा गिलावा झाला, आमच्या जिन्याला रंग लागला. "माझ्या सुक्याचां काय रे झिला?" तिने विचारलं. मी कागद वाचून दाखवला: विमा इमारतीचा, आतल्या सामानाचा नाही. ऐन पावसात दाराला कुलूप घालून, चावी माझ्याकडे देऊन ती वेंगुर्ल्याला भावाकडे गेली.

पुढच्या वर्षी विम्याच्या नूतनीकरणासाठी पुन्हा पाहणी ठरली. मी खाली गेलो, तर जिन्याखाली सोडणं छातीइतकीच. काकी तर नव्हती. तेव्हा लक्षात आलं, नारळ आम्ही सोलत होतो आणि सोडणं आम्हीच तिथे फेकत होतो. माझ्या घरची तर सगळ्यांत जास्त. ती बिचारी फक्त जाळून संपवत होती.

खरं सांगतो, मला लाज वाटली नाही. राग आला, आणि तोही तिचाच, की ऐन वेळी ही नाही. मी तिची चावी आणली, दार उघडलं आणि सगळी सोडणं तिच्या नव्या गिलाव्याच्या स्वयंपाकघरात रचून कुलूप लावलं.

सर्व्हेअरने त्या दाराकडे बोट दाखवलं. "इथे कोण राहतं?"

"कोणी नाही, साहेब," मी म्हणालो. "रिकामं आहे."