काठी खाली आल्याशिवाय टाळी नाही

धाड गावात आणि आसपासच्या खेड्यांत वरातीपुढे नाचलेला असा एकही माणूस नसेल, ज्याच्याकडे माझ्या मोठ्या मामांनी कधी ना कधी डोळे वटारून पाहिलं नसेल. मामा चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होते. लोक त्यांच्या वाजवण्यावर नाचत, आणि नेमकं तेच त्यांना खपत नसे. वाजवणं सोडून सात वर्षं झाली, तरी गावात कुणाचंही लग्न असो, मामा न बोलावता जातात, मंडपाकडे न फिरकता बँडच्या मागे मागे चालतात आणि कुणी शिट्टी मारली की त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारतात, "तुले बी वाजवाचं हाय का?" एकदा त्यांनी हे नवरदेवाच्या सख्ख्या काकालाच विचारलं आणि न जेवता घरी आले. मामींना सांगितलं ते एवढंच, की आज दुसऱ्या गाण्यात ढोलवाला घाई करत होता.

त्यांचं खरं हाडवैर मात्र चिंचेशी. लग्नातली वात्रट पोरं बँडपुढे उभी राहून मुद्दाम चिंच चोखतात, ते पाहून वाजवणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि सुराचा पार विचका होतो. हा छळ मामांनी इतक्या वेळा सोसला, की त्यांच्या घरात चिंचेला बंदी झाली. मामी बिचाऱ्या वरणात आमचूर घालतात आणि चिंचेच्या वरणाच्या आठवणी सांगतात. आठवडी बाजारात चिंचेचा ढीग दिसला, की मामा नाकाला रुमाल लावून पलीकडून जातात. "मामा, आता तं तुमचं वाजवनं सुटलं," असं मी एकदा म्हटलं, तर गंभीरपणे म्हणाले, "बलावनं कवा येईल, सांगता येते का?"

मी जवळच्याच एका खेड्यातल्या शाळेत शिकवते. यंदा स्नेहसंमेलनात मामांचाच जुना बँड बोलवायचं ठरलं. आता त्या बँडचा मास्तर मामांचाच शिष्य. बातमी कळली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामा जीपमधून शाळेच्या फाटकाशी उतरले. बँड ऐकायचा कसा, हे पोरांना ते स्वतः शिकवणार होते.

पुढचे तीन दिवस आमच्या मैदानावर बँडशिवाय बँड ऐकण्याची तालीम चालली. मामा तोंडाने पूर्ण गाणं वाजवत, ढोलासकट, आणि हातातली कडुनिंबाची काठी वर धरत. काठी वर आहे तोवर हलायचं नाही, बोलायचं नाही, गाणं मध्येच थांबलं तरी ते संपलं असं समजायचं नाही. काठी खाली आल्याशिवाय टाळी नाही. रोज आधी खिसे तपासले जात आणि जप्त केलेली चिंच मामा मान वळवून टोपलीत टाकत. त्याच टोपलीत मुख्याध्यापिकाबाईंचा वाजलेला फोनही गेला. तिसरीतल्या एका मुलीने हात वर करून विचारलं, "आबा, मंग नाचाव कवा?"

"नाचाले सारा जलम हाय," मामा म्हणाले. "आयकाले अर्धाच घंटा हाय."

दुपारी डबा खाताना मी म्हटलं, "मामा, एवढा जीव काऊन टाकता? पोरंच हायेत ते."

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. "चाळीस वर्सं वाजवलं, माय, पन येक गानं कोनी शेवटलोक आयकलं नाही. मुखडा झाला का कोनीतरी वरडे, दुसरं लावा. मले अंतरे बी येतात, हे कोनाले ठावंच नाही."

संमेलनाच्या सकाळी दोन गाणी झाल्यावर मास्तरने आपलं क्लॅरिनेट मामांसमोर धरलं. मामांनी नाही नाही म्हणत ते घेतलं आणि आपली काठी त्याच्या हातात दिली. एक संथ भजन सुरू केलं. मुखडा झाला, पहिला अंतरा झाला, आणि दुसऱ्या अंतऱ्यात त्यांचा दम संपला. सूर तुटला. वरातीत एव्हाना शिट्ट्या झाल्या असत्या. पण मास्तरची काठी वर होती. सगळी शाळा मांडीवर हात ठेवून त्या काठीकडे बघत होती. कुणी खोकलंसुद्धा नाही. मामांनी पोरांकडे पाहिलं, सावकाश श्वास घेतला आणि जिथे सोडलं होतं तिथूनच उचलून भजन शेवटपर्यंत नेलं.

तरी टाळी नाहीच. मास्तर एका हाताने डोळे पुसत होता आणि दुसऱ्या हातातली काठी खाली आणायचं साफ विसरला होता. पोरं टाळीसाठी हात उचलून तशीच बसलेली. शेवटी मामांनीच पुढे होऊन त्याचा हात खाली ओढला, तेव्हा कुठे टाळ्यांचा कडकडाट झाला. तिसरीतली ती मुलगी उभी राहिली. "आबा, आता?"

"नाच माय," मामा म्हणाले आणि घाईघाईने खुर्चीत बसले.

संध्याकाळी मी त्यांच्याकडेच जेवले. मामी वाढत होत्या. मामा वरणभात कालवता कालवता म्हणाले, "उद्या बाजार हाय. चिंच आनजो."

मामींच्या हातातली पळी थांबली. "अन् बलावनं आलं तं?"

"येऊन गेलं," मामा म्हणाले.