संघू परक्या ताटात जेवायची

माझे वडील बाळासो कुरणे गडहिंग्लज डेपोत कंडक्टर होते. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. घरी चार पाहुणे आले तरी त्यांच्या तोंडून "जरा सरका, तिघं बसा" हेच यायचं. संकेश्वरकडचे प्रवासी चढले की ते "मुंद होग्री" म्हणून कानडीतूनही लोकांना पुढं सरकवायचे. आवाज असा, की घरात हळू बोलले तरी शेजारच्या आक्का भिंतीपलीकडून उत्तर द्यायच्या.

रोज एवढा प्रवास करणाऱ्या या माणसानं सहल मात्र कधी केली नव्हती. सत्त्याण्णवच्या मे महिन्यात आईनं, म्हणजे मीनाबाईनं, विषय काढला. घरच्यांसाठी मिळणारा फुकट प्रवासाचा पास यंदाही पडून राहणार होता. आई म्हणाली, महाबळेश्वरला जाऊ. आण्णांनी खूप आढेवेढे घेतले आणि शेवटी खरं कारण सांगितलं. बसमध्ये बसलं की त्यांना गाडी लागायची. उभं राहिलं की काही होत नसे.

"एवढ्या लांब उभा राहून जाऊ व्हय?" ते म्हणाले.

म्हणून कोल्हापूर ठरलं. दोन तासांचा रस्ता. आण्णांची जागा राखलेली असूनही ते सगळा वेळ दांडीला धरून उभे होते आणि त्या गाडीच्या कंडक्टरला माणसं कशी भरायची ते सांगत होते.

मंगळवार पेठेत माझी मावशी राहायची. तिच्याकडं उतरायचं नाही, असं आण्णांनी निघायच्या आधीच बजावलं होतं. पाहुण्यांकडं गेलं तर ती सहल कसली, सहल म्हणजे लॉज आणि हॉटेलातलं जेवण, अशी त्यांची पक्की समजूत होती. स्टँडजवळच्या लॉजवर खोली घेतली. आण्णांनी सगळे नळ सोडून बघितले, पंखा पाचही नंबरांवर फिरवून बघितला आणि म्हणाले, "चला, आता जेवाय."

तिथून पुढचे तीन दिवस कसे गेले ते सांगायचं तर आधी माझ्या बहिणीविषयी सांगावं लागेल. संघप्रिया तेव्हा चार वर्षांची होती. आम्ही तिला संघू म्हणायचो. ती जेवायची नाही. भाकरीवर काळा डाग दिसला की नको, भात भाजीला लागला की नको, दुधावर साय आली की तो पेलाच नको. आईनं सगळे उपाय करून बघितले होते. शेवटी एक दिवस संघू आक्कांच्या घरात, आक्कांच्या ताटात, लसणाची चटणी लावून भाकरी खाताना सापडली. तेव्हा कळलं की पोरीला अन्नाचं वावडं नव्हतं. तिला फक्त स्वतःपुढं वाढलेलं ताट नको असायचं. मग आई रोज आमच्या घरची भाजीभाकरी भिंतीवरून आक्कांना द्यायची, आक्का ती आपल्या ताटात घ्यायच्या आणि संघू तिथं जाऊन पोटभर जेवायची.

कोल्हापुरात आक्का नव्हत्या. ही गोष्ट सहल ठरवताना कुणाच्याच ध्यानात आली नव्हती.

पहिल्या दुपारी आम्ही एका खानावळीत गेलो. आण्णांनी मटणाची ताटं सांगितली आणि संघूसाठी पांढरा रस्सा जास्तीचा मागवला. "तिखट न्हाय बघ," म्हणत त्यांनी वाटी तिच्या तोंडाशी नेली. संघूनं तोंड मिटलं. आईनं भात कालवला. संघूनं मान फिरवली. तिला हसवायला मी नाकानं रस्सा ओढल्याचं नाटक केलं, तर मलाच ठसका लागला. माझ्या पाठीवर थापा मारून होईपर्यंत संघूची खुर्ची रिकामी झाली होती.

ती शेजारच्या टेबलावर होती. तिथं आकाराम नावाचे एक म्हातारे शेतकरी एकटेच जेवत होते. नाव नंतर कळलं. संघू त्यांच्या बाकावर गुडघ्यांवर उभी राहून त्यांच्याच ताटातली भाकरी त्यांच्याच तांबड्या रश्शात बुडवून खात होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबत नव्हता.

आण्णा ताडकन उठले. एरवी साऱ्या गाडीला गप्प करणारा माणूस, पण तिथं त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "चुकलं बघा, मामा. ल्हान हाय. दुसरं ताट सांगतो तुमास्नी. उष्टं झालं."

"उष्टं कसलं?" म्हातारे म्हणाले. "लेकरू हाय, खाऊ दे की. बसा तुमी." आणि त्यांनी हाडावरचं मऊ मटण सोडवून संघूपुढं सरकवलं.

आण्णा परत येऊन बसले, पण जेवले नाहीत. म्हाताऱ्यांच्या हाताकडं बघत राहिले. मला वाटलं, रागावले. संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलो असताना आईनं मला सांगितलं की आण्णांच्या लहानपणी त्यांच्या गावच्या हॉटेलात आमच्या लोकांची कपबशी वेगळी असायची, बाहेर वळचणीला ठेवलेली. आजोबा चहा पिऊन ती स्वतः विसळून परत तिथंच ठेवायचे. "म्हणून त्यास्नी आज कसंतरीच झालं," आई म्हणाली. त्या वेळी संघू पलीकडच्या बाकावर कुणातरी कॉलेजच्या पोरांच्या भेळेत होती. आण्णा तिकडं बघत म्हणाले, "खाऊ दे."

दुसऱ्या दिवसापासून आण्णांनी हे काम अंगावर घेतलं. हॉटेलच्या दारात उभं राहून ते आत नजर टाकायचे. बसमध्ये कोण उतरणार आणि कुणाला जागा मिळणार हे त्यांना लांबूनच कळायचं, तसंच इथं. "घाईत जेवणारा नको," ते आईला सांगायचे. "जोडपं बी नको, ते बोलत बसत्यात. त्यो कोपऱ्यातला बघ, जाडजूड, एकटा, तब्येतीत खातोय. तिथं सोड हिला." मग आम्ही त्याच्या शेजारचं टेबल धरायचो आणि संघूला वाऱ्यावर सोडायचो. सकाळी तिनं एका विमा एजंटाचा लोणी डोसा संपवला. पन्हाळ्यावर दही विकणाऱ्या बयाबाई स्वतःची भाकरी सोडून बसल्या होत्या, तर तिनं त्यांचं दुपारचं जेवण अर्धं केलं. बयाबाईंना आम्ही नवीन झुणका-भाकर घेऊन दिली. त्या म्हणाल्या, "ही बी माझ्याच ताटात ठेवा, म्हंजे खाईल." आणि संघूनं तीही खाल्ली. तबकबाग, अंधारबाव, कोठारं हे सगळं आम्ही दोनदोन मिनिटांत उरकलं, कारण आण्णांचं लक्ष पुढच्या जेवणाकडं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र घोटाळा झाला. कोल्हापुरात एका हॉटेलात आण्णांनी सफारी घातलेला एक माणूस हेरला. संघू जाऊन त्याच्या पुरीला हात घालते न घालते तोच त्यानं ताट छातीशी ओढलं आणि वेटरला हाक मारली. "ही कुणाची पोरगी? जेवाय देत न्हाईत व्हय घरात?"

आण्णांना ते फार लागलं. त्यांनी संघूला उचललं आणि आम्ही बाहेर आलो. रस्त्यावर त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तिचे हात पुसले. मग म्हणाले, "दुसऱ्याच्या ताटात कशाला? मीच दुसरा होतो की आता."

बेत असा ठरला. आता ज्या हॉटेलात जायचं तिथं आण्णा आधी जाऊन एकटे बसणार. पाच मिनिटांनी आम्ही जायचं, लांबच्या टेबलावर बसायचं आणि आण्णांकडं बघायचंसुद्धा नाही. संघूला त्यांनी समजावलं, "आण्णा लॉजवर झोपल्यात. आत एक पावणं बसल्यात. त्यास्नी पावणं म्हणायचं." संघूला हे अतिशय आवडलं. आईला मात्र त्यांनी दोनदा बजावलं, "काय बी झालं तरी मला वळख दाखवू नगंस. दाखवलीस की पोरगी जेवायची न्हाय."

ते हॉटेल गणपतराव नावाच्या गृहस्थांचं होतं. गल्ल्यावर स्वतः बसायचे, अंगानं दांडगे, कपाळावर चष्मा. आम्ही आत गेलो तेव्हा आण्णा मधल्या टेबलावर डोक्याला टॉवेल गुंडाळून बसले होते. का गुंडाळला होता देव जाणे. शिवाय ते भिंतीकडं तोंड करून बसले होते, त्यामुळं ते आणखीच विचित्र दिसत होते. संघू तडक तिकडं गेली. आण्णांनी वर न बघता भाकरीचा तुकडा पुढं केला. तिनं खाल्ला. दुसरा केला, तोही खाल्ला. आई पदराखाली हसत होती. सगळं ठीक चाललं होतं. मग आण्णांना वाटलं, एवढी जेवतेय तर गोड बी खाईल, म्हणून त्यांनी खिशातून लिमलेटची गोळी काढून तिला दाखवली.

गणपतराव गल्ल्यावरून उठले.

"काय ओ पावणं," ते आण्णांसमोर येऊन म्हणाले. "ही पोरगी तुमची हाय?"

आण्णांनी टॉवेल जरा पुढं ओढला. "न्हाय," ते म्हणाले. खोटं बोलायची सवय नसल्यामुळं त्यांच्या कपाळाला घाम आला होता.

"मग गोळी कशाला दाखवताय तिला?"

आजूबाजूचे जेवायचे थांबले. गणपतराव खाली वाकले. "बाळ, हे कोण गं?"

"पावणं," संघू म्हणाली.

"आन् तुझं बाबा कुठं हायत?"

"लॉजवर झोपल्यात."

दोघं-तिघं खुर्च्या मागं सारून उठले. एकानं आण्णांचा दंड धरला. गणपतराव आमच्या टेबलाकडं वळले. "बाई, पोरगी तुमची न्हवं? हा माणूस तुमच्या वळखीचा हाय काय?"

आईनं आण्णांकडं बघितलं. आण्णा काहीतरी डोळ्यांनी सांगत होते. आता वाटतं, ते 'सांग' म्हणत असावेत. आईला वाटलं, ते तिला बेताची आठवण करून देतायत.

"मी न्हाय वळखत," आई ठामपणे म्हणाली.

त्यानंतर हॉटेलात जो गलका झाला त्यात आण्णांच्या डोक्यावरचा टॉवेल गळ्यात आला. कुणी म्हणालं, पोलिसांना बोलवा. आण्णा म्हणत होते, "मी एस.टी.त कंडक्टर हाय." त्यावर एकजण म्हणाला, मागं एकदा त्याला सुट्टे पैसे न देणारा कंडक्टर अगदी असाच दिसत होता. संघू या सगळ्यात आण्णांचं ताट खाली घेऊन टेबलाखाली बसली होती आणि त्यातला भात संपवत होती.

मी अकरा वर्षांचा होतो. बेत मोडला तर आण्णा रागावतील आणि नाही मोडला तर आण्णांना मारतील, यातलं काय वाईट ते मला ठरवता येईना. शेवटी मी ओरडलो, "ते आमचं आण्णा हायत."

गणपतरावांनी पुन्हा आईकडं बघितलं. आई अजूनही आण्णांकडंच बघत होती.

"सांगू का आता?" तिनं विचारलं.

"सांग की बाई," आण्णा म्हणाले.

"मालक हायत माझं," आई म्हणाली.

"मग मघाशी न्हाय का म्हणालासा?"

"त्यांनीच सांगितल्यालं."

गणपतरावांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि आम्हा चौघांना नीट बघितलं. आण्णांनी डेपोचं ओळखपत्र दाखवलं आणि सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली, आक्कांच्या भिंतीसकट. निम्म्या लोकांचा विश्वास बसला नाही. तेव्हा गणपतरावांनी स्वतःसाठी एक ताट मागवलं, गल्ल्यावर ठेवलं आणि कुणाकडं न बघता जेवायला लागले. सगळं हॉटेल बघत होतं. संघू टेबलाखालून निघाली, गल्ल्यामागच्या उंच स्टुलावर चढली आणि त्यांच्या वाटीतली बासुंदी प्यायली. मग कुणाचीच शंका उरली नाही. ज्यानं दंड धरला होता त्यानं आण्णांना पान खिलवलं.

संध्याकाळपर्यंत ही बातमी मंगळवार पेठेत पोचली. मावशी लॉजवर आली आणि आण्णांना नाही नाही ते बोलली. त्यातलं बरंचसं खरं होतं.

पुढच्या वर्षी संघू शाळेत जायला लागली आणि डबे बदलून खाणाऱ्या पंधरा पोरींमध्ये पडली. तिथं सगळेच डबे परके. तिचं खाणं आपोआप मार्गी लागलं. पुढं नर्सिंगच्या हॉस्टेलवर होती तेव्हा मेसच्या जेवणाला नावं ठेवणाऱ्या मैत्रिणींनाच ती झापायची.

सहलीच्या चौथ्या दिवशी आम्ही परत निघालो. स्टँडवर रंगीत दिवे फिरणारं वजनाचं यंत्र होतं. आईनं संघूला त्यावर उभं केलं. अंगणवाडीच्या कार्डावर गेल्या आठवड्यात तेरा किलो होतं, इथं साडेतेरा निघालं. आईला इतका आनंद झाला की तिनं आण्णांनाही त्यावर चढवलं. डेपोतल्या तपासणीत ते बासष्ट भरले होते. तिकिटावर साठ आलं. तीन दिवस ते इतरांच्या ताटांवर नजर ठेवून होते, त्यामुळं स्वतः जेवले होते की नाही हे आमच्यातल्या कुणालाच आठवेना. तिकिटाच्या मागं हिंदीत छापलं होतं की लोक तुमच्यावर चटकन विश्वास ठेवतात. आईनं ते मोठ्यानं वाचलं.

आम्हाला गाडीत बसवून आण्णा स्टँडवरच्या कँटीनमध्ये गेले. मी खिडकीतून बघत होतो. त्यांनी कोपऱ्यातलं टेबल घेतलं, दोन मिसळी आणि सहा पाव मागवले, आणि ताटाभोवती डाव्या हाताचं कोपर लावून, एकदाही मान वर न करता ते जेवले. गडहिंग्लजची गाडी त्यांच्यासाठी दहा मिनिटं थांबली. कंडक्टर त्यांच्याच डेपोतला जोतीराम होता. तो दारात उभा राहून प्रवाशांना सांगत होता, "जेवू द्या ओ त्यांना."